ग्रंथालयाचा संगणक उन्हाळ्यातच का बंद पडत होता?



मंडळाच्या ग्रंथालयातला संगणक यंदा एप्रिल-मे महिन्यांत सारखा बंद पडत होता, हे नेहमी येणाऱ्या सभासदांना ठाऊक आहेच. पुस्तक बदलायला आलेल्या कित्येकांना "मशीन जरा गार होऊ द्या, मग नोंद करू" असे सांगून आम्ही बाकावर बसवून ठेवले आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून तो सुरळीत चालतो आहे. नेमके काय बिघडले होते आणि ते कसे दुरुस्त केले, असे अनेकांनी विचारले. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत असाच आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप अजून चालू आहे, म्हणून ही माहिती सविस्तर लिहून ठेवत आहोत. ग्रंथालय समितीतले आम्ही कोणीही संगणकाचे इंजिनियर नाही. बँक, शाळा आणि वीज खाते यांतून निवृत्त झालेली मंडळी आहोत. तेव्हा आम्हाला जमले ते आपल्यालाही जमेल.

संगणक बदलून का चालले नसते

एका दुकानातून आलेल्या मुलाने पाच मिनिटे पाहून सांगितले, "बोर्ड गेला आहे, अंकल, नवीनच घ्या." नव्याचा अंदाज ३८,००० रुपयांचा होता. कार्यकारिणीच्या सभेत तो जवळजवळ मंजूरही झाला होता. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली, त्याला कारण होते.

या संगणकात सभासदांची यादी आणि पुस्तकांची सूची आहे, ती नव्या यंत्रावर नेता येते. पण गणेशोत्सवाच्या स्मरणिकांचा अनेक वर्षांचा मजकूर युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो टंकण्याचे सॉफ्टवेअर फक्त याच यंत्रावर चालते. त्याच फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. मंडळाच्या संस्थापक पिढीने लिहिलेल्या आठवणी त्यात आहेत. काही वर्षांच्या छापील प्रती तर आता आपल्याकडेही उरलेल्या नाहीत. संगणक टाकून देणे म्हणजे तो मजकूर वाचण्याची सोय टाकून देणे झाले असते.

आधी फायली, मग दुरुस्ती

म्हणून पहिले काम कूलरचे केले नाही, फायलींची प्रत काढण्याचे केले. आपल्या घरीही हाच क्रम ठेवावा. तापून बंद पडणारे यंत्र प्रत काढून होईपर्यंत तरी चालावे, यासाठी एक साधा उपाय आहे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढायचे आणि समोर टेबल फॅन पूर्ण वेगाने लावायचा. आम्ही सकाळी सात वाजता, खोली थंड असताना, असे करून सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. दोन तासांत संगणक एकदाही बंद पडला नाही. प्रत मिळाली, आणि दोष उष्णतेशी संबंधित असावा असा पहिला पुरावाही मिळाला.

एक सूचना. झाकण काढून पाण्याच्या कूलरची हवा संगणकावर सोडू नये. खसाच्या ताट्यांतून येणाऱ्या हवेत दमटपणा असतो, कधी कधी बारीक थेंबही असतात. ते बोर्डावर पडले तर खरोखरच बोर्ड जाईल.

दोष उष्णतेचाच आहे, हे कसे ओळखावे

संगणक अचानक बंद पडण्याची कारणे अनेक असतात. एसएमपीएस म्हणजे आतला वीजपुरवठा कमजोर झाला, यूपीएसची बॅटरी संपली, किंवा मेमरी खराब झाली तरी असे होते. उष्णतेचा दोष असेल तर साधारण अशा खुणा दिसतात:

- चालू केल्यावर दहा-वीस मिनिटे ठीक चालतो, मग बंद पडतो. लगेच पुन्हा चालू केला तर आणखी लवकर बंद पडतो.
- बंद पडण्याआधी काम मंदावते आणि पंख्याचा आवाज वाढतो.
- जड कामात लवकर पडतो. आमच्याकडे जुन्या अंकांची पाने स्कॅन करून त्यांची पीडीएफ बनवताना हमखास पडत असे.
- सकाळी कमी, दुपारी जास्त पडतो.

खुणांवर न थांबता तापमान मोजावे. संगणक चालू करताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की बायोसचा पडदा येतो. त्यात 'हार्डवेअर मॉनिटर' अशा नावाखाली प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. विंडोज चालू असताना पाहायचे असेल तर 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू मॉनिटर' यांसारखी छोटी सॉफ्टवेअर मिळतात.

आमच्या यंत्रात इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-५ ४४६० हा प्रोसेसर आहे. खोलीतले तापमान ३८ अंश होते. नुसता चालू ठेवला तर प्रोसेसर ७१ अंशांवर, आणि स्कॅनचे काम दिल्यावर सहा-सात मिनिटांत ९९ अंशांवर. या पिढीचे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता वाढत गेली तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतात. म्हणजे आमचा संगणक मेलेला नव्हता. घरातला फ्यूज उडतो तसे तो स्वतःला वाचवत होता.

तापमान ५५-६० अंश असतानाच संगणक बंद पडत असेल, तर मात्र कूलरवर पैसे खर्च करू नयेत. एसएमपीएस तपासून घ्यावा.

उष्णता जाते कुठून

आपल्याकडे कूलर म्हटले की खिडकीतला डब्बा डोळ्यांपुढे येतो. प्रोसेसरचा कूलर म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा आणि त्यावर बसवलेला छोटा पंखा. त्याचे काम एकच, प्रोसेसरची उष्णता उचलून हवेत सोडणे.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. आमच्या प्रोसेसरसाठी कंपनीने दिलेला आकडा ८४ वॅटचा आहे. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या दिव्याला हात लागला तर काय होते ते आपल्याला आठवत असेल. जवळपास तेवढी उष्णता इथे काडेपेटीपेक्षाही लहान झाकणातून बाहेर पडते. ती झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून धातूच्या ठोकळ्यात, ठोकळ्यातून पट्ट्यांमध्ये आणि पट्ट्यांमधून पंख्याच्या हवेत जाते. या साखळीची एक कडी सैल झाली तरी पुढचे सगळे अडते.

पेस्टचे महत्त्व आकड्यांतून लवकर कळते. उष्णता वाहून नेण्याची तांब्याची क्षमता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची सुमारे २३५, बाजारात मिळणाऱ्या साध्या पेस्टची ४ ते ८ आणि हवेची ०.०२६ इतकी असते (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मधे बारीक फटी राहतातच, आणि त्यांत हवा असते. त्या हवेला हटवून जागा भरणे एवढेच पेस्टचे काम. ती हवेपेक्षा शेकडो पट चांगली आहे, पण धातूपेक्षा पुष्कळ कमी. म्हणून थर पातळच हवा. जास्त लावली म्हणजे जास्त थंड राहील, हा समज चुकीचा आहे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक कामाला प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. म्हणजे खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. आमचा दोष बहुधा बराच जुना होता. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना तो झाकून राहिला आणि मे महिन्यात उघडा पडला.

पहिला प्रयत्न: सफाई आणि नवी पेस्ट

वीज बंद केली, वायर काढली, आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवून उरलेली वीज जाऊ दिली. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर विद्युत साठते आणि तिने नाजूक भाग खराब होऊ शकतात. मदरबोर्डावर १२ व्होल्टपर्यंतच वीज असते, पण एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज शिल्लक राहू शकते.

पट्ट्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी जमली होती. मऊ ब्रशने ती काढली. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. ओले फडके वापरू नये.

मग कूलर काढला, वाळून खडूसारखी झालेली जुनी पेस्ट पुसली आणि नवी लावली. परिणाम? काम देताच तापमान पुन्हा ९४ अंशांवर. पाच अंश कमी झाले खरे, पण त्यावर समाधान मानण्यासारखे नव्हते.

खरा दोष कुठे सापडला

कूलर पुन्हा काढला तेव्हा पेस्टच्या ठशाने सगळे सांगितले. एका बाजूला पेस्ट दाबली जाऊन पातळ पसरली होती आणि समोरच्या कोपऱ्यात जशीच्या तशी जाड राहिली होती. याचा अर्थ कूलर तिरका बसत होता.

इंटेलच्या या कूलरला चार प्लास्टिकचे पाय असतात. प्रत्येक पाय बोर्डाच्या भोकात जाऊन खाली फाकतो आणि 'टक्' आवाज करून अडकतो. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन हे प्लास्टिक ठिसूळ होते. आमच्या एका पायाचे टोक तुटलेले होते. बसवताना तीन पायांचा आवाज आला होता आणि चौथ्याचा नाही, हे आम्हाला तेव्हाच जाणवले होते. "बसला असेल" म्हणून आम्ही पुढे गेलो. हिशेबात एक रुपयाचा फरक दिसला आणि तो तसाच सोडला की पुढे काय होते, हे ज्यांना पक्के माहीत असायला हवे त्यांच्याकडूनच ही चूक झाली.

फक्त पायांचा संचही वेगळा मिळतो. पण आमच्या पंख्याचे बेअरिंगही घरघरत होते, म्हणून पूर्ण कूलर बदलायचे ठरले.

कूलर निवडताना काय पाहावे

१. सॉकेट. प्रोसेसर बसतो त्या जागेचा प्रकार जुळला पाहिजे. आमचे सॉकेट एलजीए ११५० आहे. इंटेलच्या ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांसाठी कूलरच्या भोकांमधले अंतर सारखेच, ७५ मिमी असते. जुन्या ७७५ ला ते ७२ मिमी आणि नव्या १७०० ला ७८ मिमी आहे. एएमडीची रचना अगदी वेगळी असते. प्रोसेसरचे पूर्ण नाव कागदावर लिहूनच दुकानात जावे.

२. क्षमता. कूलरच्या खोक्यावर वॅटचा आकडा असतो. तो प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त हवा. आम्ही ९५ वॅटचा घेतला.

३. उंची. उभे कूलर चांगले असतात, पण मोठे १५-१६ सेंटीमीटर उंच असतात. जुन्या अरुंद कॅबिनेटचे झाकण मग लागत नाही. प्रोसेसरपासून झाकणापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून न्यावे. शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांना कूलर अडणार नाही, हेही पाहावे.

४. बसवण्याची पद्धत. काही कूलरना बोर्डाच्या मागून पट्टी लावून स्क्रू आवळावे लागतात. पकड उत्तम असते, पण अनेक जुन्या कॅबिनेटमध्ये त्यासाठी पूर्ण मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. ते धाडस नको म्हणून आम्ही चार पायांचाच प्रकार निवडला.

जेल रोडवर चौकशी करून आम्ही ९२ मिमी पंख्याचा, तांब्याच्या दोन नळ्या असलेला कूलर १,४५० रुपयांना घेतला. या नळ्या बंद असतात आणि त्यांच्या आत थोडेसे द्रव असते. तळाशी उष्णता लागली की त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा द्रव होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून तळाशी परत येते. कुठलीही मोटर न लावता हे चक्र चालू राहते, म्हणून भरीव ठोकळ्यापेक्षा नळीतून उष्णता फार लवकर जाते.

बसवण्याची कृती

- जुना कूलर काढण्यापूर्वी संगणक पाच-दहा मिनिटे चालवून मग बंद करावा. कोमट पेस्ट सहज सुटते.
- पंख्याची वायर बोर्डावरून काढावी. चारही पाय त्यांवरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढावेत.
- कूलर सरळ वर ओढू नये. आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा. एएमडीच्या पुष्कळ जुन्या प्रोसेसरांना खाली पिना असतात, आणि जोरात ओढल्यास प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो व पिना वाकतात.
- प्रोसेसरचे झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने स्वच्छ पुसावे. पाणी किंवा घासलेट वापरू नये.
- नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद आठवणीने काढावा. तो तसाच ठेवून कूलर बसवणारे लोक खूप असतात.
- झाकणाच्या मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवावी. बोटाने पसरवू नये, कूलरच्या दाबाने ती पसरते. कूलरच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असेल तर वेगळी लावायची गरज नाही.
- चारही पाय भोकांवर आणून कूलर ठेवावा. आधी एक, मग त्याच्या तिरक्या समोरचा, मग उरलेले दोन, असे अंगठ्याने दाबावेत. चार वेळा 'टक्' ऐकू आलेच पाहिजे. नंतर कूलर हलवून पाहावा. हलला तर पुन्हा बसवावा.
- पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावावी.

शेवटची ओळ अनुभवाची आहे. सगळे बसवून झाल्याच्या आनंदात आम्ही ही वायर लावायलाच विसरलो. चालू करताच पडद्यावर पंख्याची चूक असल्याचा इशारा आला, तेव्हा लक्षात आले. असा इशारा आला तर घाबरू नये, पण यंत्र ताबडतोब बंद करून वायर पाहावी.

एकूण वेळ सव्वा तास लागला. त्यातली वीस मिनिटे टॉर्च कोणी आणि कसा धरावा यात गेली.

आता स्थिती काय आहे

झाकण लावल्यावर, खोलीत ३७ अंश असताना मोजले. नुसता चालू असताना प्रोसेसर ४८ अंशांवर, आणि तासभर स्कॅनचे काम दिल्यावर ७२ अंशांवर. खर्च कूलरचा १,४५० आणि अल्कोहोल व ब्रश यांचा १८० मिळून १,६३० रुपये झाला. पावत्या हिशेबाच्या फाइलला लावल्या आहेत.

पुढे दर तीन महिन्यांनी धूळ काढणे आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तापमान वहीत लिहून ठेवणे, एवढे ठरवले आहे. आकडा हळूहळू चढू लागला तर पुढच्या मे महिन्याची वाट न पाहता कळेल. कॅबिनेटही भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे, म्हणजे मागची गरम हवा कोंडणार नाही.

मात्र यामुळे संगणक तरुण झालेला नाही, एवढेच की आपल्याला वेळ मिळाला आहे. तो चालतो आहे तोवर स्मरणिकांचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा. हे रूपांतर यंत्राने होते, पण त्यात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि ते मूळ पानाशी ताडून कोणीतरी वाचावेच लागते. पहिल्या तीन अंकांचे काम सुरू झाले आहे. ज्यांना मराठी वाचनाची हौस आहे आणि आठवड्यातून दोन तास देता येतील, त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात ग्रंथालयात यावे. संगणक येत नसला तरी चालेल, कारण मूळ पान हातात धरून वाचून दाखवणाराही आम्हाला हवाच आहे.

आणि घरचा डेस्कटॉप तापत असेल तर त्याच वेळात विचारायला या. येताना प्रोसेसरचे नाव आणि तापमानाचा आकडा तेवढा लिहून आणावा.

— ग्रंथालय समिती